हातच्याला घर नाहीं

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यांत टेंभली नांवाचें लहानसें गांव आहे. ता. २९ सप्टेंबर २०१० रोजीं पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितींत देशांतील पहिले आधार क्रमांक तेथील रहिवाशांस देण्यांत आले. समारंभाविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें. मला आज त्या क्रमांकाच्या लांबीविषयीं बोलावयाचें आहे.

आधार क्रमांक बारा अंकी असून त्याचा पहिला अंक शून्य किंवा एक नसतो. म्हणजे लहानांत लहान क्रमांकहि वीस हजार कोटींच्या घरांत जातो. संगणक मात्र संख्या ठराविक घरांत मांडतो, आणि एका घरांत शून्य किंवा एक एवढेंच मावतें. सामान्य पूर्णांकास पुष्कळ ठिकाणीं बत्तीस घरें देतात. त्यांतलें एक धन-ऋण चिन्हासाठीं राखलें कीं कमाल संख्या २,१४,७४,८३,६४७. टेंभलीचा एकहि क्रमांक तेथें मावत नाहीं; त्यास चौसष्ट घरें द्यावीं, नाहीं तर तो अक्षरांप्रमाणें लिहून ठेवावा.

शाळेंत बेरीज करतांना हातचा उरला कीं मूल डावीकडे आणखी एक अंक लिहितें. यंत्राची पाटी वाढत नाहीं. वरील कमाल संख्येंत एक मिळवा. हातचा सरकत सरकत चिन्हाच्या घरांत शिरतो आणि उत्तर येतें उणें २,१४,७४,८३,६४८! पुष्कळ यंत्रें अशा वेळीं आंतल्या आंत एक निशाण उभारतात. परंतु तें पाहणें प्रोग्रामकडे असतें.

सी भाषेचा नियम याहून विलक्षण. चिन्हयुक्त पूर्णांक मर्यादेबाहेर गेल्यास काय व्हावें, हें त्या भाषेनें ठरविलेलेंच नाहीं. म्हणून प्रोग्रामचें यंत्रभाषेंत रूपांतर करणारा कंपायलर असें कधीं घडतच नाहीं असें धरूं शकतो. आणि ‘एक मिळवून संख्या उलट घटली काय?’ ही सावध माणसानें घातलेली तपासणी निरर्थक समजून गाळूनहि टाकतो. कारकुनानें पडताळ्याची ओळच खोडावी, तसला हा प्रकार. यानें वेग वाढतो म्हणतात. मला तो अद्याप पटलेला नाहीं.

ता. ४ जून १९९६ रोजीं युरोपचा पहिला आरियान-५ अग्निबाण उड्डाणानंतर सुमारें चाळीस सेकंदांत नष्ट झाला. आडव्या वेगाशीं निगडित एक संख्या सोळा घरांत बसवावयाची होती. तेथें कमाल ३२,७६७. प्रोग्राम मंदगति आरियान-४ वरून जसाच्या तसा घेतलेला, आणि ही संख्या तितकी वाढणार नाहीं या भरंवशावर तिचें रक्षण मुद्दाम वगळलेलें. येथें यंत्रानें तक्रार केली. पण ती ऐकण्याची तजवीज नसल्यामुळें मार्गदर्शक संगणकच बंद पडले.

घरें किती असावीं हा प्रश्न जुना आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं सुरू झालेल्या टिफ्रॅक यंत्राची पाटी चाळीस घरांची होती. चिन्हाचेंहि घर संख्येस दिलें, तर चाळीस घरांत १०,९९,५१,१६,२७,७७५ पर्यंत मोजतां येतें. टेंभलीचे सारे क्रमांक तींत जेमतेम मावले असते.