मुद्दलाला हात न लावण्याची कुळकथा

नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्याची ओसरी ही दगडात कोरलेली हिशेबाची वही आहे. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई, दिनीकाचा मुलगा उषवदात याने हे लेणे भिक्षुसंघाला दिले आणि त्यासोबत 3000 कार्षापण नाण्यांची कायमची ठेव ठेवली. लेख 42 व्या वर्षाचा, वैशाख महिन्यातला आहे. त्यात रक्कम आहे, व्याजाचा दर आहे, पैसे कोणाकडे गुंतवले तेही आहे. या पैशांबद्दलची अट तर आजच्या विश्वस्तालाही ओळखीची वाटेल : ही रक्कम परत करायची नाही, फक्त तिच्या व्याजाचा उपभोग घ्यायचा.

लेखात या ठेवीला ‘अखयनीवि’ म्हटले आहे. न झिजणारे भांडवल, असा त्याचा अर्थ. आज आपण तिला कायमनिधी म्हणतो. वाचनालयाचे पारितोषिक, शाळेची शिष्यवृत्ती, देवळातला दरवर्षीचा अभिषेक अशा कितीतरी गोष्टी अशाच निधीवर चालतात.

उषवदाताचा हिशेब मोठा नेटका आहे. गोवर्धन गावात विणकरांच्या दोन श्रेणी, म्हणजे व्यावसायिक संघ, होत्या. गंगापूरजवळचे आजचे गोवर्धन ते हेच. एका श्रेणीकडे त्याने 2000 कार्षापण ठेवले, महिना शेकडा एक दराने. दुसरीकडे 1000, महिना शेकडा पाऊण दराने. पहिल्या रकमेचे व्याज महिन्याला 20, म्हणजे वर्षाला 240. या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी 12 कार्षापण द्यायचे, असे लेख सांगतो. वीस बारे 240. एक नाणे उरत नाही की कमी पडत नाही. दुसऱ्या ठेवीतून वर्षाला 90 कार्षापण यायचे; ते भिक्षूंच्या इतर खर्चासाठी. म्हणजे आधी गरज मोजली, मग मुद्दल ठरवले. एवढ्यावर न थांबता हा व्यवहार निगमसभेत वाचून दाखवला गेला आणि रिवाजाप्रमाणे दप्तरी नोंदवला गेला.

हा माणूस हातचे राखून देणारा नव्हता. याच लेण्यातल्या दुसऱ्या लेखात त्याच्या दानांची यादी आहे : तीन लाख गाई, देव-ब्राह्मणांना सोळा गावे, भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे धर्मशाळा, तापी, दमण आणि डहाणू इथल्या नद्यांवर फुकट उतार. त्या काळी 35 कार्षापणांचे एक सुवर्ण होई, हा भावही त्यानेच एका नोंदीत लिहून ठेवला आहे. त्या भावाने 3000 कार्षापण म्हणजे जेमतेम 86 सुवर्ण. देव-ब्राह्मणांसाठी त्याने एकदा 70,000 कार्षापण, म्हणजे 2000 सुवर्ण दिले होते. त्या मानाने लेण्याची ठेव किरकोळ होती. तरी बारीक अटी आहेत त्या तिच्याच, कारण देणारा गेल्यावरही ती चालायची होती.

मग राजाच्या जावयाने पैसे सरकारी खजिन्यात न ठेवता विणकरांकडे का ठेवले? याचे उत्तर बाजारात सापडते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भरुकच्छ बंदराचे वर्णन आहे. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तगर, म्हणजे आजच्या तेरहून, भरपूर कापड गाड्यांनी तिथे जाई. रोमन सोन्या-चांदीची नाणी तिथे फायद्याने बदलून मिळत. कापडाला समुद्रापारचे गिऱ्हाईक असल्यावर मागावर बसणाऱ्यांना भांडवल हवेच असते आणि व्याजही परवडते. श्रेणीला पिढ्यान्‌पिढ्या चालणारा धंदा होता, स्वतःचे नियम होते. एक विणकर मेला तरी श्रेणी मरत नव्हती. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शेकडा सव्वा हे न्याय्य मासिक व्याज मानले आहे. व्यापाऱ्याला पाच, रानवाटेने जाणाऱ्याला दहा, समुद्रावर जाणाऱ्याला वीस. धोका वाढला की दर चढतो. गोवर्धनचे दर सव्वाच्याही खाली आहेत. उषवदाताला चढ्या व्याजापेक्षा बिनघोर व्याज हवे असावे.

त्याची ही सावधगिरी अनाठायी नव्हती. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. नाशिकजवळच्या जोगलटेंभीला 1906 मध्ये चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला, नहपानाची तेरा हजारांहून जास्त नाणी. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातकर्णीने स्वतःचा ठसा मारलेला आहे. नहपानाचा चेहरा ठशाखाली गेला, चांदी चलनात राहिली.

जमिनीची कथा मात्र वेगळी झाली. विजयानंतर गौतमीपुत्राने आपल्या राजवटीच्या 18 व्या वर्षी गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा पाठवली : उषवदाताच्या ताब्यात असलेले पश्चिम कखडी गावातले 200 निवर्तनांचे शेत त्रिरश्मी, म्हणजे पांडवलेण्यांच्याच डोंगरावरच्या भिक्षूंना द्यावे. ही आज्ञाही पांडवलेण्यांतच, तिसऱ्या लेण्यात कोरलेली आहे. तिच्याखालीच 24 व्या वर्षाची दुसरी आज्ञा आहे. गाव वसलेले नाही, शेत कसले जात नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या हद्दीवरच्या राजाच्या शेतातली 100 निवर्तने द्यावीत. जेत्याने दिलेली जमीन सहा वर्षांत निरुपयोगी ठरली, कारण जमिनीला कसणारा लागतो. ज्या अडचणीने राजाचे दान अडले, ती उषवदाताच्या ठेवीला नव्हती : पैसे कामात असलेल्या हातांकडेच ठेवले होते.

ही पद्धत पुढे रुजली. जुन्नरच्या लेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या रकमा आहेत. तिसऱ्या शतकात, आभीर राजा ईश्वरसेनाच्या राजवटीच्या 9 व्या वर्षी, शक अग्निवर्म्याची मुलगी विष्णुदत्ता हिने नाशिकलाच ठेव ठेवली, आजारी भिक्षूंच्या औषधासाठी. तिने एकाच श्रेणीवर भरवसा टाकला नाही. कुलरिक नावाच्या श्रेणीकडे 1000, पाण्याची यंत्रे करणाऱ्या ओदयंत्रिकांकडे 2000 आणि काही भाग तेल्यांकडे, अशी तिने रक्कम विभागली.

पण एक दोष उरलाच होता. आकडा दगडात कोरला की तो वाढत नाही. कापड महागले तरी चीवराला बाराच कार्षापण. यावरचा एक तोडगा इसवी सन 465 च्या सुमारास, स्कंदगुप्ताच्या काळातल्या इंदोर ताम्रपटात दिसतो. हे इंदोर उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहर जिल्ह्यातले. देवविष्णू नावाच्या ब्राह्मणाने सूर्यमंदिराच्या दिव्यासाठी तेल्यांच्या श्रेणीकडे ठेव दिली, पण बदल्यात नाणी मागितली नाहीत. वजनाने दोन पले तेल मागितले, आणि श्रेणी दुसऱ्या गावी गेली तरी ते द्यायचे, अशी अट घातली. तेलाचा भाव चढला तर ती झळ तेल्यांनी सोसायची. दिवा तेवढाच जळणार.

आल्फ्रेड नोबेलच्या 1895 च्या मृत्युपत्रातही घाट तोच होता : भांडवल सुरक्षित रोख्यांत ठेवावे, व्याजातून पारितोषिके द्यावीत. महागाईने त्या पारितोषिकांची खरी किंमत खाल्ली आणि अखेर 1953 मध्ये नोबेल फाउंडेशनला शेअरमध्ये पैसे गुंतवण्याची मोकळीक मिळाली.

महाराष्ट्रात ही कल्पना एकोणिसाव्या शतकात विद्यापीठात शिरली. जगन्नाथ शंकरशेट यांच्या नावाची मॅट्रिकची संस्कृत शिष्यवृत्ती ही त्याची सर्वांत गाजलेली खूण. 1912 मध्ये ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली. 1943 मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि नाशिकरोडच्या छापखान्यात 1928 पासून छापल्या जाणाऱ्या नोटांवर त्यांची सही आली.

महाराष्ट्रातल्या न्यासांनी आपला पैसा कुठे ठेवावा हे आता 1950 चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा सांगतो. त्याच्या 35 व्या कलमात अनुसूचित बँका, पोस्टाची बचत बँक, मान्यता असलेल्या सहकारी बँका, सरकारी रोखे असे पर्याय दिलेले आहेत. विणकरांच्या संघाकडे पैसे ठेवायचे झाले, तर आजच्या उषवदाताला आधी धर्मादाय आयुक्तांकडे अर्ज करावा लागेल.