फुकटची वाळू: अठरा तासांचा घटनाक्रम

शनिवार, दुपारी १२. अठरा तास उरले.
कुणीतरी छंद सोडतंय, समुद्री माशांची टाकी मोडतंय. वीस किलो आरागोनाइट वाळू फुकट. (प्रसंग प्रातिनिधिक आहे, त्यातलं रसायन मात्र अस्सल.) वर्षानुवर्षं न हललेला जाड थर, वर पांढरा, तळाशी काळपट. तो काळा रंग आयर्न सल्फाइडचा. तिथे प्राणवायू पोचत नाही आणि खाऱ्या पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे जिवाणू हायड्रोजन सल्फाइड बनवत असतात. थर जागेवर असेतो कुणाला त्रास नाही. पण फावडं लागलं आणि वरचं-खालचं एक झालं.

दुपारी ३. पंधरा तास.
ओली वाळू झाकणबंद बादलीत, बादली डिकीत, गाडी उन्हात. माझ्या मते खरा घात इथेच होतो. वाळूतले किडे, बारीक शंख गुदमरून मरतात, कुजू लागतात. अमोनिया तयार व्हायला सुरुवात.

सायंकाळी ५. तेरा तास.
झाकण उघडताच सडक्या अंड्यांचा भपकारा. परत फिरायची हीच वेळ. काळी वाळू टाकून द्यायची. उरलेली थोडी थोडी घेऊन, पाणी नितळ येईस्तोवर नळाखाली धुवायची, शेवटी आरओच्या पाण्यातून काढायची आणि गच्चीवर कडकडीत वाळवायची. “पण धुतली तर चांगले जिवाणू मरतील ना?” मरतील. मरू द्या की! ज्या चालू टाकीत ही वाळू जाणार, तिच्या खडकांवर आणि फिल्टरमध्ये ते भरपूर असतात.

पण इथे वाळू न धुताच घरच्या चालू टाकीत ओतली जाते. मासे आतच.

रात्री ८. दहा तास.
गढूळपणा बसला म्हणून घरात समाधान. टेस्ट किट खणात. खाऱ्या पाण्याचा पीएच ८.२ च्या आसपास असतो. पीएच ७ च्या गोड्या पाण्याच्या तुलनेत इथे अमोनियाच्या विषारी रूपाचा वाटा दहापटीहून जास्त.

रात्री ११. सात तास.
दिवे बंद. शेवाळाचं प्रकाशसंश्लेषण थांबतं, प्राणवायू घटतो. सल्फाइडही तो खातं. रात्री पीएच उतरतो तशी अमोनियाची धार थोडी बोथट होते, पण सल्फाइडची वाढते.

पहाटे ३. तीन तास.
कोळंबी आडवी. क्लाउनफिश पृष्ठभागाशी, कल्ले भराभर हलताहेत. एअरपंप, ताजा कार्बन, मोठा पाणीबदल यांनी अजूनही काही जीव वाचतील. पण घर झोपलंय, आणि मीठ कालवून ठेवलेलं पाणीही नाही.

रविवार, सकाळी ६.
टाकी मेली.

वाळू धुऊन हे टळलं असतं. तांब्याचं तसं नाही. पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर आधीच्या मालकाने टाकीत तांब्याचं औषध घातलं असेल, तर आरागोनाइटसारखी चुनखडीची वाळू ते धरून ठेवते आणि पुढे सोडत राहते. कोळंबी, गोगलगायी, प्रवाळ त्याने मरतात. तेव्हा वाळू घेण्याआधी तेवढं विचारा. उत्तर “हो” किंवा “आठवत नाही” असेल, तर फुकट मिळाली तरी घेऊ नका.