विज्ञानकथा आणि आपला समीक्षाव्यवहार

१९५९ च्या मे महिन्यात केंब्रिजमध्ये सी. पी. स्नो यांनी ‘दोन संस्कृती’ हे गाजलेले व्याख्यान दिले. साहित्यिक आणि वैज्ञानिक यांच्यातील संवाद तुटला आहे, ही त्यांची तक्रार होती. उष्मागतिकीचा दुसरा नियम ठाऊक नसणे हे शेक्सपिअर न वाचण्याइतकेच लाजिरवाणे मानले पाहिजे, असा त्यांचा रोख होता. १९६२ मध्ये तेथेच एफ. आर. लीव्हिस यांनी त्यांना कठोर उत्तर दिले. त्यात स्नो यांच्या विचारांबरोबर कादंबरीकार म्हणून त्यांचा वकूबही निकालात काढला गेला.

हा वाद झडत असताना जयंत नारळीकर त्याच गावात शिकत होते. ते १९५७ मध्ये तेथे पोहोचले. पुढे त्यांचे संशोधन-मार्गदर्शक झालेले खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी त्याच वर्षी प्रसिद्ध झाली होती. ज्या दरीविषयी व्याख्याने होत होती, ती हॉईल यांनी कादंबरी लिहून केव्हाच ओलांडली होती.

१९७२ मध्ये नारळीकर भारतात परतले. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटवून त्यांनी हे नाव सिद्ध केले होते. अक्षरावरून ओळख पटू नये म्हणून कथेची प्रत पत्नीच्या हस्ताक्षरात करून घेतली. शास्त्रज्ञाच्या कीर्तीचे वजन परीक्षकांवर पडू नये, एवढाच हेतू होता. कथेला पहिले पारितोषिक मिळाले. १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत यांनी या नव्या लेखनाची आवर्जून दखल घेतली.

पुढे मात्र आपण नेमके उलट केले, असे आम्हांस वाटते. कथेच्या आधी आपण नाव वाचू लागलो. २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार नारळीकरांना मिळाला तो ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्रासाठी. २०२१ च्या नाशिक संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना लाभले. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा लिहिल्या-बोलल्या गेलेल्या श्रद्धांजलींत शास्त्रज्ञ होता, विज्ञानप्रसारक होता. कथाकाराची चिकित्सा क्वचितच होती. गौरव भरपूर आणि समीक्षा अल्प, अशी ही स्थिती आहे. लक्ष्मण लोंढे, सुबोध जावडेकर, बाळ फोंडके यांच्या वाट्याला तर याहूनही कमी आले.

हा आक्षेप प्रथम आमच्यासारख्या मराठीच्या अध्यापकांवरच येतो. ‘विज्ञानसाहित्य’ हा एक प्रवाह म्हणून आम्ही शिकवतो, त्याची वैशिष्ट्ये लिहून देतो आणि पुढच्या घटकाकडे वळतो. विज्ञान समजले नाही की कथा ‘माहितीपर’ ठरवणे सोयीचे जाते. कृष्णविवराच्या निकट काळ मंदावतो, हे भौतिकीचे विधान आहे. पण तेवढ्या अवधीत दूर राहिलेल्यांचे आयुष्य सरून जात असेल, तर विरह, वार्धक्य, वचन या शब्दांचे काय होते, हा प्रश्न साहित्याचाच आहे. तो विचारण्यासाठी समीकरणे यावी लागत नाहीत. मात्र समीकरण काय सांगते हे विचारून घेण्याची तयारी लागते.

विज्ञानकथा वाङ्मय आहे की नाही, याचा निवाडा आपण वाचनाआधीच देत आलो आहोत. एकदा लेखकाचे नाव झाकून ‘कृष्णविवर’ वर्गात वाचावी आणि कथा म्हणून ती कोठे उभी राहते, कोठे कमी पडते, हे विद्यार्थ्यांसह तपासावे. नारळीकरांनी १९७४ मध्ये परीक्षकांकडून एवढीच अपेक्षा केली होती.