सर्पगंधा : एक मुळी, दोन वर्ग

औषधांचे वर्ग त्यांच्या गुणांवरून पाडले जातात, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु औषध कोणत्या वर्गात पडावे हे पुष्कळदा त्या काळी वैद्याला काय मोजता येत होते, यावर ठरते. सर्पगंधेचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

बिहार-बंगालमध्ये ही मुळी वेडावरील औषध म्हणून प्रसिद्ध होती. रक्तदाबाशी तिचा संबंध कोणी जोडला नव्हता, आणि जोडता येणेही शक्य नव्हते. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची रिव्हा-रोची यांची रीत १८९६ मधली आहे. १९३१ साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि वाढलेला रक्तदाब या दोहोंवरील तिचा उपयोग एकत्रच नोंदविला. तरीही बाहेरच्या जगाचे लक्ष गेले ते मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये रक्तदाबाच्या रुग्णांवरील अनुभव आकड्यांनिशी मांडल्यावर. १९५२ मध्ये बाझेलच्या सीबा कंपनीच्या संशोधकांनी मुळीतून रेसर्पीन वेगळे केले.

रेसर्पीनच्या कार्याचा उलगडा मात्र मागाहून झाला. मज्जातंतूंच्या टोकांशी नोरॲड्रिनॅलिन, डोपामिन, सेरोटोनिन ही द्रव्ये सूक्ष्म पिशव्यांत साठविलेली असतात. पिशव्या भरणाऱ्या वाहकालाच रेसर्पीन अडविते. बाहेर राहिलेली द्रव्ये विघटन पावतात व साठा रिता होतो. रक्तवाहिन्यांना आकुंचनाचा संदेश क्षीण पोहोचतो, म्हणून दाब उतरतो. मेंदूत हेच घडले की रुग्ण शांत, क्वचित जड व मंद होतो. ज्यांना दोन गुण मानले गेले, ते एकाच क्रियेचे दोन ठिकाणचे परिणाम होत.

येथे क्रम उलटला, हे विशेष. शरीरशास्त्राने औषध समजावून देण्याऐवजी औषधानेच शरीर उलगडून दाखविले. १९५७ मध्ये आर्विद कार्लसन यांनी रेसर्पीनने निश्चल झालेल्या प्राण्यांना एल-डोपा देऊन पुन्हा हालते केले, आणि कंपवाताच्या उपचाराची दिशा त्यातून सापडली. काही रुग्णांना आलेल्या खिन्नतेवरून मात्र खिन्नतेचे सर्व मूळ या द्रव्यांच्या उणिवेत शोधण्याची घाई झाली; त्या नोंदींचा पाया पुढे वादग्रस्त ठरला.

रक्तदाबासाठी रेसर्पीन आता क्वचितच दिले जाते. त्याच वाहकाला अडविणारे टेट्राबेनाझीन हंटिंग्टनच्या विकारातील अनैच्छिक हालचालींवर वापरात आहे. त्याची गणना रक्तदाबाच्या औषधांत होत नाही.