वालचंद हिराचंद यांचे आगबोट व मोटार उद्योग

सोलापूर येथे जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद दोशी (२३ नोव्हेंबर १८८२–८ एप्रिल १९५३) यांनी आगबोटी व मोटारगाड्या हे दोन्ही उद्योग हाती घेतले. अमेरिकेतील साउथ बेंड येथे स्टुडबेकर बंधूंनी १८५२ मध्ये लोहारकामाचा व घोडागाड्यांचा कारखाना काढला होता. तोच कारखाना १९०२ पासून मोटारींकडे वळला, तेव्हा लाकूड, लोखंड व चाके यांचे जुने कसब त्याच्या कामी आले. वालचंदांपाशी असे कसब नव्हते. रेल्वेच्या ठेकेदारीतून मिळविलेले भांडवल व पत हाच त्यांचा आधार होता.

आगबोट तयार विकत घेता येते. १९१९ मध्ये वालचंद, नरोत्तम मोरारजी प्रभृतींनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन केली आणि ग्वाल्हेरच्या महाराजांकडून ‘लॉयल्टी’ ही बोट घेतली (शिंदे घराण्याचेच नाव इंग्रजी वळणाने कंपनीस मिळाले). मूळची ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ असलेली ही बोट महायुद्धात रुग्णनौका होती. ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून लंडनला निघाली. अडचण पुढेच होती. ब्रिटिश कंपन्यांनी भाड्याचे दर पाडले आणि १९२३ च्या करारान्वये सिंदियाला किनारी वाहतुकीवर व मर्यादित टनभारावर समाधान मानावे लागले. स्वतः जहाज बांधण्यास त्यानंतर बराच काळ लागला. विशाखापट्टनम् येथील गोदीची पायाभरणी १९४१ मध्ये झाली व तेथील ‘जलउषा’ या पहिल्या जहाजाचे जलावतरण जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते १४ मार्च १९४८ रोजी झाले.

मोटारींच्या बाबतीत क्रम उलटा होता. विदेशी मोटार कोणीही आणून विकू शकत असे. प्रश्न ती येथे तयार करण्याचा होता. त्यासाठी विदेशी यंत्रे व तंत्रज्ञान हवे आणि त्यांची वाट सचिवालयातून जात होती. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी या उद्योगाचा पुरस्कार केला आणि वालचंदांनी क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली. तथापि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारत सरकारने या योजनेस युद्धोपयोगी उद्योग मानण्याचे नाकारले. वस्तुतः लष्करास त्याच काळात मालमोटारींची निकड होती. तेव्हा हा नकार केवळ तांत्रिक कारणांनी दिला गेला असे म्हणणे कठीण आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना १९४४ मध्ये झाली आणि मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये पहिली वाहने बाहेर पडली. प्रारंभी काम मुख्यतः आयात भागांच्या जुळणीचे होते. पुढे फियाटशी सहकार्य झाले. याच मालिकेतील ‘पद्मिनी’ टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवर ऑक्टोबर २०२३ पर्यंत धावत होती.