लॅश एक्स्टेन्शन (नंदनवन, नागपूर)

पापणीच्या एकेका केसावर एक किंवा अनेक कृत्रिम केस ग्लूने चिकटवून पापण्या लांब व दाट करण्याची प्रसाधनक्रिया. मराठीत तिला रुळलेला प्रतिशब्द नाही. पाटीवर ‘आयलॅश एक्स्टेन्शन’ असते, बोलण्यात नुसते ‘लॅशेस’. लावणे, दोन-तीन आठवड्यांनी भरून घेणे (रिफिल) आणि काढणे हे तिचे तीन टप्पे. रात्री उतरवून ठेवायच्या पट्टीच्या नकली पापण्या हा निराळा प्रकार. ‘पापणी’ हा शब्द मराठीत डोळ्याचे झाकण आणि त्यावरचे केस या दोहोंसाठी चालतो. पापणीच्या केसाला संस्कृतात पक्ष्म हा स्वतंत्र शब्द आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात पापणीच्या रोगांमध्ये, केस आत वळून डोळ्याला टोचण्याचा ‘पक्ष्मकोप’ हा विकार सांगितला आहे.

नंदनवन : पूर्व नागपुरातील निवासी वस्ती. ग्रेट नाग रोडवरील कर्मवीर दादासाहेब कन्नमवार अभियांत्रिकी महाविद्यालय (स्थापना १९८४) ही तिची ठळक खूण. जगनाडे चौक, हसनबाग, वाठोडा ही शेजारची नावे. अशा ले-आउटमधले पार्लर पुष्कळदा घराच्या पुढच्या खोलीत किंवा तळमजल्यावरच्या गाळ्यात असते. या कामाच्या दृष्टीने त्या खोलीत एसी आहे की कूलर, हे खोलीच्या सजावटीपेक्षा महत्त्वाचे. कारण पुढे येईल.

पापणीचा केस : वरच्या पापणीवर साधारण ९० ते १६० केस असतात, लांबी ८ ते १२ मिलिमीटर, खालच्या पापणीवर ७५ ते ८०, लांबी ६ ते ८ मिलिमीटर. डोक्यावरचा केस वर्षानुवर्षे वाढतो, पापणीचा नाही. त्याची वाढ महिना-दीड महिना चालते, मग तो थांबतो, काही काळ तसाच राहतो आणि गळतो. रोज एक-दोन केस गळणे स्वाभाविक आहे. लहानपणी असा केस मुठीवर ठेवून, इच्छा मनात धरून फुंकर मारली नाही अशी व्यक्ती विरळा. एक्स्टेन्शन टिकण्याचे गणित या गळण्यातच आहे. कृत्रिम केस ज्या केसावर चिकटवला तो गळला की तोही जातो, मग ग्लू कितीही भारी असो. दोन आठवड्यांत जागा दिसू लागल्या म्हणजे काम वाईट झाले, असा निष्कर्ष लगेच काढू नये. डाव्या-उजव्या डोळ्यांची गळती सारखी नसते, आणि कुशीवर झोपणाऱ्यांची एक बाजू आधी विरळ होते.

केसांचे काम सौंदर्यापलीकडचे आहे. अमेरिकेतील जॉर्जिया टेक संस्थेच्या संशोधकांनी २०१५ मध्ये २२ सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या. केसांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या साधारण एकतृतीयांश असताना डोळ्यावरून जाणारा वारा सर्वांत कमी होतो, असे त्यांना आढळले. त्याहून लांब केस वारा उलट डोळ्याकडे वळवतात. नागपूरच्या उन्हाळ्यात गाडीवरून जाणाऱ्या मुलीला हा निष्कर्ष वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

ग्लू : या क्रियेचा खरा विषय केस नसून ग्लू आहे. तो सायनोअॅक्रिलेट वर्गातला असतो, म्हणजे घरोघरी असलेल्या फेविक्विकचा रासायनिक भाऊबंद. (म्हणून फेविक्विक वापरावे असे नव्हे, ते डोळ्याजवळ कधीही आणू नये.) हा पदार्थ अमेरिकन रसायनतज्ज्ञ हॅरी कूव्हर यांच्या हाती १९४२ मध्ये, बंदुकीच्या दुर्बिणीसाठी पारदर्शक प्लास्टिक शोधताना लागला, तो सगळीकडेच चिकटतो म्हणून तेव्हा बाजूला टाकला गेला आणि १९५८ मध्ये बाजारात आला. याच कुळातले काही प्रकार शल्यवैद्य जखमा बंद करण्यासाठी वापरतात, नेत्रशल्यविशारद पारदर्शक पटलाचे छिद्र बुजवण्यासाठीही. लॅशच्या ग्लूत काळ्या रंगासाठी बहुधा कार्बन ब्लॅक घालतात.

हा ग्लू वाळत नाही, तो हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. चाळीस ते साठ टक्के आर्द्रता आणि २० ते २४ अंश तापमान त्याला मानवते. नागपूरचे हवामान वर्षातून थोडेच दिवस या मर्यादेत बसते. मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो आणि दुपारची आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास घसरते. त्यात एसी लावला की हवा आणखी कोरडी. ग्लू सावकाश बसतो, शेजारचे केस एकमेकांना चिकटतात आणि वाफ जास्त वेळ डोळ्यावर राहते. उलट वाळ्याच्या ताट्यांचा कूलर समोर असेल तर खोली ओलावते. ग्लूचा थेंब चिमट्यावरच धरतो आणि पापणीपर्यंत पोचेतो त्यावर साय येते. ऑगस्टमध्ये कूलरशिवायही तेच होते. जोड घाईने धरतो, ठिसूळ होतो, क्वचित पांढरा पडतो. म्हणून मेअखेरच्या नवतपात आणि श्रावणात एकच बाटली वापरणे चूक आहे. संथ आणि जलद असे दोन ग्लू, आणि भिंतीवर एक आर्द्रतामापक, एवढी सामग्री नागपुरात हे काम करणाऱ्या प्रत्येकीकडे हवी. उघडलेली बाटली चार ते सहा आठवड्यांनी टाकून द्यावी. उरलेला ग्लू ‘वाया जातो’ म्हणून पुढे चालवणे हीच अनेक तक्रारींची सुरुवात असते.

पद्धत : खालच्या पापणीवर जेलची पट्टी, डोळे मिटलेले, दोन चिमटे. एका चिमट्याने एक केस सुटा करायचा, दुसऱ्याने त्यावर कृत्रिम केस ठेवायचा, पापणीच्या कातडीपासून अर्धा ते एक मिलिमीटर अंतर राखून. ‘क्लासिक’मध्ये एकावर एक, ‘व्हॉल्यूम’मध्ये एकावर बारीक केसांचा पंखा, ‘हायब्रिड’मध्ये दोन्ही. दीड-दोन तास लागतात. वळण सी, डी अशा अक्षरांनी ओळखतात. ‘मिंक’ (एका प्राण्याचे केस) म्हणून विकला जाणारा माल बहुतांशी पॉलिएस्टर वर्गातील धाग्याचा असतो. जाडीचा मुद्दा ग्राहकाने स्वतः विचारावा : ०.१० मिलिमीटरऐवजी ०.२० मिलिमीटरचा केस घेतला तर वजन दुप्पट नव्हे, चौपट होते. हे ओझे मूळ केस सतत ओढत राहिले तर ती जागा कायमची विरळ होऊ शकते. साधारण वापराने मूळ केस खुरटतात की नाही, यावर व्यावसायिक आणि नेत्रतज्ज्ञ यांचे एकमत नाही.

लग्नसराई : विदर्भात मोठी लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर आणि पुन्हा अक्षय तृतीयेच्या आगेमागे. अडचण हळदीची. हळद तेलात कालवलेली असते. नव्या जोडाला पहिले २४ तास पाणी आणि पुढेही तेल चालत नाही. लग्नाच्या आदल्या दिवशी लॅशेस लावून त्याच संध्याकाळी हळद खेळलेल्या नवरीच्या पापण्या अंतरपाट दूर होईपर्यंत टिकतील याचा भरवसा नाही. उलटे मोजावे : हळदीच्या दोन दिवस आधी लॅशेस, त्याच्याही दोन दिवस आधी कानामागे किंवा दोन-चार केसांवर ग्लूची चाचणी. ही चाचणी घाईत सर्वांत आधी गाळली जाते, आणि नेमकी तीच गाळायची नसते. सुजलेल्या डोळ्यांनी बोहल्यावर उभे राहणे कोणत्याही मुलीच्या वाट्याला येऊ नये. हळद लावणाऱ्या मावशी-काकूंना ‘डोळ्यांच्या खाली थांबा’ एवढे सांगितले तरी पुरे. पाठवणीच्या रडण्याने घट्ट झालेला जोड सुटत नाही. अश्रू रुमालाने टिपावेत, डोळे चोळू नयेत.

निगा : पाण्याला घाबरून पापण्या न धुणे ही सर्वत्र आढळणारी चूक आहे. पहिला दिवस सोडून त्या रोज, तेल नसलेल्या सौम्य फेसाने धुवाव्यात आणि कोरड्या झाल्यावर मस्काऱ्याच्या स्वच्छ ब्रशने वरच्या दिशेने विंचराव्यात. न धुतल्यास केसांच्या मुळाशी मळ साचतो, कडा खाजतात, रांजणवाडी येते, डेमोडेक्स या सूक्ष्म परजीवीचे फावते. तुपातले घरगुती काजळ, खोबरेल, तेलकट मेकअप रिमूव्हर, वॉटरप्रूफ मस्कारा टाळावा. चुलीची किंवा तंदूरची धग टोकांची वळणे बिघडवते. नागपुरात बाहेर पडताना मुली तोंडाला दुपट्टा घट्ट बांधतात. त्याची कड वरच्या पापणीवर दाबू देऊ नये. गॉगलच्या काचेला केस टेकत असतील तर लांबी जास्त झाली आहे.

डोळ्यांचे विकार : जपानी नेत्रतज्ज्ञांनी २०१२ मध्ये ‘कॉर्निया’ या नियतकालिकात १०७ स्त्री रुग्णांची माहिती दिली. त्यांपैकी ६४ जणींना पारदर्शक पटल व नेत्रश्लेष्मल त्वचेचा दाह, ४२ जणींना पापण्यांचा अॅलर्जीजन्य दाह होता. ग्लूतून अल्प प्रमाणात सुटणारे फॉर्मल्डिहाइड हे एक कारण मानले जाते. लावताना डोळे चुरचुरणे आणि अॅलर्जी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. चुरचुर वाफेने होते व काही तासांत ओसरते. अॅलर्जी एक-दोन दिवसांत सूज व खाज घेऊन येते आणि दर खेपेला बहुधा वाढतच जाते. ‘सेन्सिटिव्ह’ ग्लूने ती हटेल ही आशा सहसा फोल ठरते. डोळे आले असताना, रांजणवाडी असताना, मोतीबिंदू किंवा चष्मा घालवण्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली असताना लॅशेस लावू नयेत. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ पसरली होती. अशा दिवसांत चिमटे प्रत्येक ग्राहकानंतर निर्जंतुक न करणारे पार्लर साथीला हातभार लावते. ग्लू डोळ्यात गेल्यास चोळू नये, पापण्या ओढून उघडू नयेत. भरपूर स्वच्छ पाण्याने धुवून लगेच डॉक्टर गाठावा. नंदनवनाहून सरकारी रुग्णालयांत ‘मेडिकल’ (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, स्थापना १९४७) जवळ पडते.

काढणे : घरी ओढून काढू नयेत, मूळ केसही उपटून येतो. पार्लरमध्ये क्रीमसारखा रिमूव्हर लावून जोड मऊ करतात. पातळ रिमूव्हर डोळ्यात ओघळतो, म्हणून क्रीमच मागावे.

कायदा व प्रशिक्षण : जपानमध्ये २००८ च्या सरकारी सूचनेनुसार हे काम परवानाधारक सौंदर्यव्यावसायिकाचे ठरले. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली लहान पार्लरने केवळ कळवणे पुरते. लॅशसाठी स्वतंत्र परवाना नाही.

इतिहास : कृत्रिम पापण्यांचे अमेरिकन पेटंट अॅना टेलर यांनी १९११ मध्ये घेतले. एकेक केस जोडण्याची आजची पद्धत कोरियाची की जपानची, याविषयी दावे-प्रतिदावे आहेत.

लॅश लिफ्ट : स्वतःच्याच केसांना रसायनाने वळण देणे. केस जोडत नाहीत.

चुंबकी पापण्या : एमआरआय तपासणीपूर्वी काढून ठेवाव्यात.