लाकडी तुर्क आणि तुर्की टोपी

ऑस्ट्रियातल्या ग्रात्स शहरात माझा भाचा शिकतो. मागच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याच्याकडे आठ दिवस राहून आलो. व्हिएन्ना, साल्झबर्ग ही नावं आपल्या कानावर असतात, ग्रात्स सहसा नसतं. मुर नदीकाठचं हे शहर म्हणजे श्टायरमार्क प्रांताची राजधानी. त्याचा जुना भाग 1999 पासून जागतिक वारसा यादीत आहे. लाल कौलांची छपरं, अरुंद गल्ल्या, जुने वाडे, सगळं बघण्यासारखं आहे. पण मी इतिहास वाचणारा माणूस. माझी नजर दुसरीकडेच अडकली.

पहिल्याच संध्याकाळी स्पोरगासे नावाच्या चढणीच्या गल्लीतून जाताना भाचा थांबला. म्हणाला, "मामू, वर बघा." एका जुन्या वाड्याच्या छपराजवळच्या खिडकीतून तलवार उगारलेला लाकडी तुर्क खाली बघत होता. गोष्ट अशी सांगतात : 1532 साली सुलतान सुलेमानची फौज इथे आली. तिचा पाशा या वाड्यात जेवायला बसला असताना वरच्या किल्ल्यावरून तोफ डागली गेली आणि गोळ्याने त्याच्या ताटातलं मटण उडवलं. पाशा घाबरून निघून गेला. सुलेमानची फौज 1532 मध्ये ग्रात्सजवळून गेली आणि शहर तिच्या हाती लागलं नाही, एवढा इतिहास. आजचा वाडा मात्र त्यानंतर बांधलेला. म्हणजे ताट, मटण आणि पाशा ही दंतकथाच.

मग हा तुर्क जागोजागी भेटू लागला. कॅथेड्रलच्या बाहेरच्या भिंतीवर 1485 चं चित्र आहे. 1480 साली या प्रांतावर कोसळलेली तीन संकटं त्यात आहेत : टोळधाड, प्लेग आणि तुर्क. म्हणजे माणसांची फौज कीटक आणि रोगाच्या रांगेत. हे वाचून मनाला लागतं. पण त्या काळी ज्यांची गावं जाळली गेली, माणसं पकडून नेली गेली, त्यांची भीती खोटी नव्हती, हेही मान्य केलं पाहिजे. पुढे प्रांताचं शस्त्रागार पाहिलं. 1642 मध्ये त्याचं बांधकाम सुरू झालं. चार मजल्यांवर चिलखतं, बंदुका, तलवारी मिळून सुमारे 32 हजार वस्तू आहेत. 1749 मध्ये मारिया तेरेझाने ते मोडीत काढायचं ठरवलं, तेव्हा प्रांताच्या प्रतिनिधींनी आठवण म्हणून ते राहू द्यावं, अशी विनंती केली आणि ती मान्य झाली.

श्लोसबर्ग टेकडीवर 260 पायऱ्या चढून गेलो. वरच्या घड्याळाच्या मनोऱ्यावर मोठा काटा तास दाखवतो आणि छोटा मिनिटं. आधी एकच काटा होता, तो लांबून दिसावा म्हणून मोठा केलेला. मिनिटकाटा नंतर आला. जवळच्या मनोऱ्यातली 1587 ची घंटा 101 ठोके देते. ती तुर्कांच्या 101 तोफगोळ्यांपासून ओतली, असं म्हणतात. गोळे दगडाचे किंवा लोखंडाचे आणि घंटा ओततात काशाची, असा प्रश्न माझ्यातल्या मास्तरला पडलाच! आणि गंमत बघा, हा किल्ला शेवटी पाडला तो तुर्कांनी नव्हे, नेपोलियनने. 1809 मध्ये त्याच्या सैन्याला किल्ला लढून जिंकता आला नाही, तहानंतर सुरुंग लावून उद्ध्वस्त केला गेला. हे दोन मनोरे शहरवासीयांनी पैसे भरून वाचवले. पण फ्रेंचाचा लाकडी पुतळा मला कुठल्या खिडकीत दिसला नाही.

याच शहरात एका रस्त्याचं नाव 'दुसऱ्या बोस्नियाकांची गल्ली' असं आहे. हे बोस्नियाक कोण?

1878 मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीने उस्मानी साम्राज्याकडून बोस्नियाचा ताबा घेतला. 1881 मध्ये तिथे सक्तीची लष्करभरती लागू झाली आणि पुढच्याच वर्षी तिच्याविरुद्ध उठाव झाला. तो मोडला गेला. म्हणजे ही पोरं हौसेने आली नव्हती. 1894 मध्ये बोस्नियाच्या चार पलटणी उभ्या राहिल्या. त्यातल्या दुसरीचं ठाणं ग्रात्स. गणवेशात फेज, म्हणजे आपल्याकडची तुर्की टोपी. ती मुसलमान, ऑर्थोडॉक्स सर्ब, कॅथलिक क्रोएट, सगळ्यांच्याच डोक्यावर असे. मुसलमान शिपायांसाठी लष्करी इमाम होते. 1895 मध्ये ग्रात्सच्याच एदुआर्द वागनेसने या पलटणीसाठी संचलनाची धून रचली. ज्या गल्ल्यांमध्ये तुर्काच्या नावाने पोरांना भीती घालत असतील, तिथेच लोक तुर्की टोपीवाल्यांचं संचलन बघायला उभे राहू लागले.

1908 मध्ये बोस्निया साम्राज्याला जोडला गेला. 1912 मध्ये कायदा करून ऑस्ट्रियाने इस्लामला मान्यता दिली. बोस्नियाक हनफी, म्हणून कायद्यात 'हनफी पंथाचे' असे शब्द होते. आपल्या कोकणातल्या शाफई बांधवांना त्यात जागा नव्हती म्हणायची! हा शब्द 1987 मध्ये न्यायालयाने काढून टाकला. मग आलं महायुद्ध. 7 जून 1916 रोजी या पलटणीने इटलीच्या आघाडीवर मोंते मेलेत्ता शिखर जिंकलं. शहराने हे विसरायचं नाही असं ठरवलं आणि गल्लीला नाव दिलं.

शेवटच्या दिवशी ग्रात्सच्या दक्षिणेला लेब्रिंगला गेलो. तिथल्या लष्करी कब्रस्तानात हे बोस्नियाक सैनिक आहेत. दरवर्षी त्यांच्या स्मरणाचा कार्यक्रम होतो. आम्ही गेलो तेव्हा मात्र दुसरं कुणी नव्हतं. लाकडी तुर्काचा फोटो काढायला स्पोरगासेत गर्दी असते. लेब्रिंगला मुद्दाम जावं लागतं.

मी वर्गात इतिहास शिकवतो तेव्हा मुलं विचारतात, "सर, हे आपले की त्यांचे?" ग्रात्सला हा प्रश्न विचारला तर एका खिडकीतून एक उत्तर मिळतं आणि एका गल्लीच्या पाटीवर दुसरं. तीनशे-चारशे वर्षांत 'त्यांचे' म्हटलेल्यांची टोपी घालून माणसं 'आपल्यांसाठी' मेली. मुलांना दोन्ही ठिकाणं दाखवली पाहिजेत, एकच दाखवलं तर ते शिकवणं अर्धं राहील.

मी फातेहा पढली. कुठल्या कबरीत मुसलमान, कुठल्या कबरीत सर्ब, ते पाहत बसलो नाही. दुआ सगळ्यांसाठीच मागितली.